आन्शीच्या बाणाचे कौतुक पुरे!

#थ्रेड

इ. स. ६४५. आन्शीच्या तटावरून किल्लेदार यांग मान-चुनने सोडलेला बाण तांग सम्राट ताइझोंगच्या डोळ्यात रुतला आणि चीनची बलाढ्य सेना माघारी फिरली, ही कथा मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. २०१८ च्या कोरियन चित्रपटाने ती घराघरांत पोहोचवली. तिला समकालीन आधार मात्र नाही. ज्यांच्या गौरवासाठी ती सांगितली जाते, त्यांच्यावरच ती अन्याय करते.

आधी युद्धाविषयी थोडे. कोगुर्यो हे उत्तर कोरिया व मांचुरियाचा मोठा प्रदेश व्यापणारे राज्य. ६४२ मध्ये येओन गेसोमुनने राजाला ठार करून सत्ता बळकावली. तेच निमित्त करून ताइझोंग जातीने मोहिमेवर निघाला. (महाराष्ट्रासह भारत पाहून नुकताच परतलेला ह्युएन त्संग त्याच सुमारास लुओयांगला त्याच्या भेटीस आला होता. सम्राटाने त्यालाही मोहिमेवर येण्याचा आग्रह केला. भिक्षूने युद्ध पाहणे धर्मनियमांत बसत नाही, असे सांगून त्याने नकार दिला.)

आरंभ तांगांना अनुकूल होता. लिआओ नदीपलीकडचे किल्ले एकामागून एक पडले. आन्शीच्या मदतीस आलेली, नोंदींनुसार दीड लाखांची फौज उघड्या मैदानात मोडली गेली आणि तिचे सेनानी शरण आले. आन्शी एकाकी पडला.

येथून पुढे जे घडले त्यात बाण कोठेच नाही. सम्राटाचे निशाण दिसताच तटावरचे लोक आरोळ्या ठोकून त्याची हेटाळणी करीत. सम्राट संतापला. किल्ला पडल्यावर आतल्या एकूण एक पुरुषाची कत्तल करावी, अशी परवानगी सेनापती ली शिजीने मागितली. ती वार्ता आत पोहोचली. ज्यांना शरण जाऊनही मरायचेच आहे, ते शरण कशाला जातील?

आन्शी सोडून पुढे जावे, दुबळा ओगोल किल्ला घ्यावा आणि थेट प्योंगयांग गाठावे, असा सल्ला शरण आलेल्या कोगुर्यो सेनानींनीच दिला होता. प्रत्यक्ष सम्राट सैन्यात असताना असा धोका पत्करता येणार नाही, म्हणून झांगसुन वूजीने तो मोडून काढला. सम्राटाच्या उपस्थितीनेच सैन्याचे पाय बांधले गेले.

मग सुरू झाला दमदमा. आग्नेय कोपऱ्यासमोर ली दाओझोंगने मातीची टेकडी उभारायला घेतली. बाहेर टेकडी चढे, आत तट चढे. दिवसाला सहा-सात चकमकी होत. यंत्रांतून सुटलेल्या दगडांनी तटाचा माथा ढासळला की त्या खिंडारात लगेच मेढेकोट उभा राही. हे काम ६० दिवस चालले. ५ लाख मनुष्यदिवसांची मेहनत खर्ची पडली, अशी नोंद आहे. अखेर टेकडी तटाहून उंच झाली, किल्ल्याचे अंतरंग दिसू लागले, आणि ती कोसळली! तटाचा एक भाग घेऊनच कोसळली. पहाऱ्यावरचा अधिकारी फू फू-आई परवानगीवाचून जागा सोडून गेला होता. त्या खिंडारातूनच कोगुर्योचे काहीशे लोक बाहेर पडले, त्यांनी टेकडी बळकावली आणि खंदक खोदून तेथेच ठाण मांडले. फू-आईचे मस्तक उडवले गेले. तीन दिवस निकराचे हल्ले झाले. टेकडी परत मिळाली नाही.

आता बाणाचा हिशेब. डोळ्याची गोष्ट कोरियात ठळकपणे येते ती चौदाव्या शतकात, यी सेकच्या काव्यात, म्हणजे सुमारे ७०० वर्षांनी. यांग मान-चुन हे नाव तर सोळाव्या शतकातील मिंगकालीन कादंबरीतून आलेले. आज ते दक्षिण कोरियाच्या एका विनाशिकेवर कोरलेले आहे. ११४५ मध्ये ‘सामगुक सागी’ सिद्ध करणाऱ्या किम बु-शिकने मात्र प्रामाणिकपणे लिहून ठेवले, की या किल्लेदाराचे नाव नष्ट झाले, ही खेदाची गोष्ट आहे. रात्रीतून मेढेकोट ठोकणाऱ्यांची नावे तर कुणी लिहिलीही नव्हती. त्यांचे ६० दिवसांचे कष्ट एका धनुर्धराच्या खात्यावर जमा करणे, हा कसला गौरव?

दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही तितकाच पोकळ. ‘ताइझोंग हरला नाही, थंडीने परतला’ असे म्हणतात. गवत सुकले, पाणी गोठू लागले, धान्य सरत आले, हे खरे. परंतु थंडी येईपर्यंत त्याला तेथे कुणी अडकवून ठेवले? हिवाळा आन्शीच्या लोकांवरही तोच होता. परतीच्या वाटेवर लिआओच्या दलदलीत गवत आणि गाड्या टाकून रस्ता करावा लागला. सम्राटाने स्वतः घोड्याला मोळ्या बांधून हातभार लावला, आणि हिमवादळात अनेक सैनिक गारठून मेले. वेई झेंग जिवंत असता तर त्याने ही मोहीम होऊ दिली नसती, असे उद्गार खुद्द ताइझोंगनेच काढले. जिंकलेला राजा असे बोलत नाही.

तो निनावी किल्लेदार गेसोमुनच्या बंडालाही नमला नव्हता. गेसोमुनने हल्ला करून पाहिला आणि अखेर किल्ला त्याच्याकडेच राहू दिला. तांग सैन्य निघाले तेव्हा त्याने तटावर येऊन सम्राटाला निरोपाचा नमस्कार केला. ताइझोंगने त्याला रेशमाचे १०० तागे पाठवले.