टिपलेले रंग आणि अदमासाचे रंग

छायाचित्राला पुरावा मानण्याची सवय आता आपल्या अंगवळणी पडली आहे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचे कोणी सांगितले तर त्याच्याविषयी शंका घेतली जाते. पण त्याने खिशातला मोबाईल काढून छायाचित्र पुढे केले की वाद मिटतो. वस्तूच्या आकाराविषयी, जागेविषयी हा विश्वास बऱ्याच अंशी रास्त आहे. रंगाविषयी मात्र तो तितका रास्त नाही. डिजिटल कॅमेरा ज्या आकड्यांतून रंगीत चित्र उभे करतो, त्यांतील दोन तृतीयांश आकडे मोजलेले नसतात, अदमासाने भरलेले असतात. आणि जे मोजलेले असतात तेही माणसाच्या डोळ्याच्या मापाने मोजलेले नसतात. ही गोष्ट तंत्रज्ञांना ठाऊक आहे. ज्यांच्या हाती कॅमेरा आहे त्यांना ती कोणी सांगत नाही, आणि खरी तक्रार तीच आहे.

मुळात रंगांधळा

कॅमेऱ्याच्या भिंगामागे सिलिकॉनचा संवेदक असतो. त्यावर लक्षावधी प्रकाशग्राही बिंदू असतात. प्रकाशाचा कण बिंदूवर आदळला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि असे किती इलेक्ट्रॉन जमले, एवढेच मोजले जाते. आदळलेला कण तांबड्या प्रकाशाचा होता की निळ्या, याची कोणतीही खूण त्या मोजणीत राहत नाही. विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ज्या 'सीसीडी'ची कल्पना मांडली आणि ज्याबद्दल २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, तो संवेदक याच अर्थाने रंगांधळा होता. कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली बनवलेला, पहिला म्हणून ओळखला जाणारा डिजिटल कॅमेरा १०० गुणिले १०० बिंदूंचे चित्र टिपत असे, आणि ते चित्र कृष्णधवल असे.

त्याच कोडॅकमधील ब्राइस बायर यांनी १९७५ च्या मार्चमध्ये एका युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट १९७६ च्या जुलैत मिळाले. युक्ती अशी की प्रत्येक बिंदूवर एका रंगाची सूक्ष्म काच बसवावी. चार बिंदूंच्या चौकोनात दोन हिरव्या, एक तांबडी आणि एक निळी. हिरव्याला दुहेरी वाटा देण्याचे कारण असे, की बारीक तपशील ओळखताना आपला डोळा मुख्यतः वर्णपटाच्या हिरव्या भागावर विसंबतो. कल्पनेचे पूर्वज जुनेच होते. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी १९०७ साली बाजारात आणलेल्या ऑटोक्रोम काचांवर बटाट्याच्या पिठाचे रंगवलेले कण पसरलेले असत आणि तेच गाळणीचे काम करीत. बायर यांनी त्या विस्कळीत पसाऱ्याला गणिती शिस्त लावली. आज जगातील बहुतेक सर्व मोबाईल आणि कॅमेरे याच नक्षीवर किंवा तिच्या एखाद्या भावंडावर चालतात.

या शिस्तीची किंमत काय, हे साध्या हिशेबाने कळते. १२ मेगापिक्सेलचा संवेदक घेतला तर त्यात ६० लाख बिंदू हिरवा, ३० लाख तांबडा आणि ३० लाख निळा प्रकाश मोजतात. म्हणजे मोजलेले आकडे १ कोटी २० लाख. चित्रात मात्र प्रत्येक बिंदूला तिन्ही रंग हवेत, म्हणजे ३ कोटी ६० लाख आकडे हवेत. उरलेले २ कोटी ४० लाख आकडे शेजाऱ्यांकडे पाहून भरले जातात. शिवाय रंगीत काच आपल्या रंगाखेरीजचा प्रकाश शोषून टाकते. भिंगातून आलेल्या प्रकाशापैकी मोठा हिस्सा, ढोबळमानाने दोन तृतीयांश, मोजणीपर्यंत पोहोचतच नाही.

दोन डोळे, दोन मापे

तथापि अदमास हा यातला लहान दोष आहे. शेजारचे बिंदू सहसा सारख्याच रंगाचे असतात आणि अदमास बहुधा बरोबर येतो. बारीक विणीच्या कापडावर कधी नसलेले रंगीत पट्टे उमटतात, तेवढेच. मोठा दोष गाळणीच्या स्वभावात आहे. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट लुथर यांनी १९२७ साली एक अट स्पष्टपणे मांडली. यंत्राने माणसासारखा रंग ओळखायचा असेल, तर त्याच्या तिन्ही गाळण्यांच्या संवेदनशीलतेचे आलेख असे हवेत की साध्या बेरीज-वजाबाकीने त्यांतून डोळ्याचे आलेख काढता यावेत. ही अट पुरी झाली नाही तर डोळ्याला वेगळे दिसणारे दोन रंग यंत्राला एकच वाटतात, आणि डोळ्याला एकच वाटणारे दोन रंग यंत्राला वेगळे.

बाजारातील कॅमेरे ही अट काटेकोरपणे पाळत नाहीत. जांभळ्या फुलाचे छायाचित्र पुष्कळदा निळे येते, ते यामुळेच. वर्णपटाच्या जांभळ्या टोकाशी आपल्या दृष्टीत तांबड्याची किंचित जाणीव पुन्हा जागी होते. कॅमेऱ्याची तांबडी गाळणी तिथे बहुधा मुकी असते. मग पाकळीतला तांबूसपणा यंत्राच्या हिशेबातूनच गळतो.

अट न पाळण्याला कारण आहे. डोळ्यातील तांबड्या आणि हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशींचे आलेख एकमेकांवर जवळजवळ पसरलेले असतात. त्यांची हुबेहूब नक्कल केली, तर रंग काढण्यासाठी दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी करावी लागते आणि त्यात मोजणीतील लहानसहान चुका मोठ्या होऊन चित्र दाणेदार होते. म्हणून अभियंते गाळण्या एकमेकींपासून जरा दूर ठेवतात. चित्र स्वच्छ येते, रंग थोडा खोटा येतो. ही तडजोड आहे आणि तडजोड करणे हा अपराध नव्हे. ती कोणाच्या सोयीची आणि कोणाला न विचारता केलेली, हा प्रश्न मात्र उरतो.

प्रयत्न झाले, पण

दुसरे मार्ग नव्हते असे नाही. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांत लोलकाने प्रकाशाचे तीन भाग करून तीन स्वतंत्र संवेदकांकडे पाठवण्याची पद्धत दीर्घकाळ रुळली. तीत अदमासाची गरज नाही, पण यंत्र महाग आणि अवजड होते. २००२ साली सिग्मा कंपनीच्या कॅमेऱ्यात 'फोव्हिऑन' संवेदक आला. निळा प्रकाश सिलिकॉनच्या पृष्ठभागाजवळच शोषला जातो आणि तांबडा कित्येक मायक्रोमीटर खोल जातो, या निसर्गनियमाचा आधार घेऊन त्यात एकाखाली एक तीन थर रचले होते. प्रत्येक बिंदूवर तिन्ही रंग मोजणारी ही रचना देखणी खरी. परंतु सिलिकॉनचे थर रंगांची वाटणी फार ढिलाईने करतात, त्यामुळे मंद प्रकाशात तिचे चित्र लवकर बिघडते. पॅनासॉनिकने २०१३ साली प्रकाश शोषून टाकण्याऐवजी सूक्ष्म रचनांनी त्याची दिशा बदलून तो वेगवेगळ्या बिंदूंकडे वळवण्याची पद्धत जाहीर केली. वाया जाणारा प्रकाश वाचवणारी ही दिशा आशादायक आहे.

दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. सोनीने २००३ साली एका कॅमेऱ्यात दोन हिरव्यांपैकी एकाच्या जागी पाचूच्या रंगाची चौथी गाळणी बसवली. हेतू डोळ्याच्या अधिक जवळ जाण्याचा होता. प्रयोग तिथेच थांबला. हुआवेने २०१९ साली एका मोबाईलमध्ये हिरव्याच्या जागी पिवळी गाळणी बसवली, कारण पिवळ्यातून प्रकाश अधिक येतो आणि रात्रीची छायाचित्रे उजळ येतात. तिची मोठी जाहिरात झाली. रंगासाठी केलेला बदल विरला आणि उजेडासाठी केलेला बदल विकला गेला, यात बाजाराची सारी नीती आली. आज २०० मेगापिक्सेलचा आकडा मिरवणाऱ्या संवेदकांतही सोळा-सोळा शेजारी बिंदूंवर एकाच रंगाची गाळणी असते, हे जाहिरातीत कुठे लिहिलेले असते?

नंतरची डागडुजी

यावर असा आक्षेप घेतला जातो, की आता संगणकीय प्रक्रिया इतकी पुढे गेली आहे की संवेदकातील उणिवा मागाहून भरून काढता येतात. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. चित्र सुबक करता येईल; पण ज्या क्षणी दोन निराळ्या रंगांनी संवेदकावर एकच आकडा उमटवला, त्या क्षणी त्यांच्यातील भेद नष्ट झाला. त्यानंतर कोणतीही प्रक्रिया तो भेद शोधून काढू शकत नाही. ती फक्त पूर्वी पाहिलेल्या चित्रांवरून तर्क करू शकते. गवत असेल तर हिरवे, आकाश असेल तर निळे, चेहरा असेल तर उजळ. नेहमीच्या गोष्टींत तर्क खपून जातो. पण छायाचित्राची खरी गरज पडते ती नेहमीपेक्षा वेगळे काही दिसते तेव्हाच. त्याच वेळी तर्काने नेहमीचे उत्तर द्यावे, हा धोका आहे.

लोकांना खऱ्यापेक्षा सुखद रंग आवडतात, असेही म्हटले जाते. सहलीच्या चित्रांपुरते ते मान्य करू. पण २०२० च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि रुग्णाने पाठवलेले छायाचित्र वैद्यकीय निर्णयात शिरले. डोळ्यांतला पिवळेपणा, नखांचा फिकेपणा, जखमेभोवतीची लाली, सावळ्या त्वचेवरचा चट्टा: या साऱ्यांत निदानाचा धागा रंग हाच आहे. शेतकरी पिकाच्या पानाचे चित्र पाठवून सल्ला मागतो तेव्हा पान किती पिवळे, यावर खताचा निर्णय ठरतो. अबोली की डाळिंबी, मोरपंखी की निळी, हे पडद्यावर पाहून साडी मागवणाऱ्या गृहिणीचे नुकसान त्यामानाने लहान, पण तेही नुकसानच. यात पडद्याचा आणि घरातल्या दिव्याचाही दोष असतो, हे खरे. परंतु उगमालाच रंग हरवला असेल तर पुढे चांगला पडदा असून उपयोग काय?

आकडा छापा

मग मागणी काय करायची? प्रत्येक मोबाईलमध्ये प्रयोगशाळेचे उपकरण बसवा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. मागणी इतकीच, की तडजोड उघड करा. कॅमेऱ्याचे रंगज्ञान माणसाच्या डोळ्याशी किती जुळते, हे मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत २००६ सालच्या 'आयएसओ १७३२१' या मानकात दिलेली आहे आणि त्यात १०० म्हणजे पूर्ण जुळणी. मोजमाप तयार आहे. मेगापिक्सेल ठळक अक्षरांत छापणाऱ्या खोक्यावर या आकड्याला जागा मिळत नाही. आपल्याकडे २००६ सालीच विजेच्या उपकरणांवर तारांकित पट्टी लावण्याची योजना सुरू झाली आणि आज सामान्य ग्राहकही शीतकपाट घेताना तारे मोजतो. ज्या आकड्याची विचारणा होते, त्याचीच सुधारणा होते.

यासाठी दूर जायला नको. १९८८ च्या मार्चमध्ये अवकाशात गेलेल्या आपल्या 'आयआरएस-१ए' उपग्रहाच्या कॅमेऱ्यांना चार वर्णपट्टे होते. पीक, पाणी आणि माती वेगळी ओळखायची, तर तीन गाळण्यांवर भागणार नाही, हे शास्त्रज्ञांनी आधी ठरवले आणि संवेदक त्याप्रमाणे घडवला. ते पट्टे कोणत्या तरंगलांबीचे, हे त्या चित्रांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असे. शेकडो किलोमीटर उंचीवरून शेत पाहणाऱ्या कॅमेऱ्याने स्वतःची मर्यादा जाहीर करावी आणि त्याच शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील कॅमेऱ्याने ती लपवावी, ही विसंगती आहे.

अधिक गाळण्यांचे, कमी प्रकाश वाया घालवणारे, डोळ्याशी अधिक प्रामाणिक असे संवेदक बनवणे आजच्या विज्ञानाच्या आवाक्यात आहे. ते बनवण्यासाठी लागणारा पैसा मात्र ग्राहक ज्याची चौकशी करील तिकडेच वळणार. दुकानात उभे राहून 'किती मेगापिक्सेल?' असे विचारणाऱ्याने त्यापुढे 'आणि रंग कितपत खरा?' हा दुसरा प्रश्न जोडला, तर पहिले पाऊल पडले असे समजावे.