आधीं माप, मग मजकूर

संगणकाच्या वर्गांतून घरीं आलेल्या विद्यार्थ्यास "आज काय केलेंस?" असें विचारलें, तर बहुधा एकच उत्तर मिळतें: "माझा प्रोग्राम चालला." हें ऐकून पालकांस समाधान वाटतें, व विद्यार्थ्यासही आपण विद्या हस्तगत केली असें वाटूं लागतें. परंतु प्रोग्राम चालला म्हणजे तो बरोबर आहे असें नव्हे. सी भाषेपुरतें बोलावयाचें तर, एका जागेंतील मजकूर दुसऱ्या जागेंत ठेवितांना विद्यार्थी कोणते दोन प्रश्न विचारतो, यावरून त्याची परीक्षा करावी. पहिला प्रश्न असा कीं, जागा किती आहे? दुसरा असा कीं, मजकूर सगळा मावला कीं नाहीं? पहिला प्रश्न आतां पुष्कळ जण विचारूं लागले आहेत. दुसरा मात्र अद्यापि उपेक्षित आहे. तो तसा राहूं नये, एवढेंच या लेखाचें सांगणें आहे.

ज्यांचा या विषयाशीं परिचय नाहीं अशा पालकांसाठीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे. परीक्षेच्या अर्जावर नांव लिहिण्यासाठीं लहान लहान चौकटींची ओळ छापलेली असते, ती सर्वांच्या पाहण्यांतली आहे. संगणकाच्या स्मृतींतही मजकूर अशाच चौकटींच्या ओळींत ठेविला जातो. त्या एकेका चौकटीस बाइट म्हणतात, व तेथें ठेविलेल्या अक्षरांच्या ओळीस स्ट्रिंग म्हणतात. सी ही भाषा डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. तींत स्ट्रिंगची लांबी निराळी नोंदलेली नसते; मजकूर येथें संपला हें कळावें म्हणून शेवटीं शून्य मूल्याचा एक बाइट ठेवितात, एवढीच काय ती खूण. म्हणून इंग्रजी लिपींत मुंबई हें ६ अक्षरांचें नांव ठेवावयाचें तर ७ चौकटी लागतात. तेंच नांव देवनागरींत लिहिलें कीं हिशेब पालटतो. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह, मग तें अक्षर असो, मात्रा असो वा अनुस्वार असो, ३ बाइट व्यापतें. मुंबई या शब्दांत म, उकार, अनुस्वार, ब आणि ई अशीं ५ चिन्हें आहेत. त्यांचे १५ बाइट व शेवटच्या शून्याचा एक, मिळून १६ झाले.

आतां अर्जावर नांवाच्या चौकटी संपल्या व शेजारींच जन्मतारखेच्या चौकटी असल्या, तर शहाणा मुलगा हात आवरतो. सी भाषेंतील स्ट्रकॉपी हें जुनें फंक्शन हात आवरीत नाहीं. मजकूर कोठून घ्यावयाचा व कोठें ठेवावयाचा, एवढेंच त्यास सांगतात. ठेवावयाची जागा किती आहे हें सांगण्याची त्यांत सोयच नाहीं. शेवटचें शून्य सांपडेपर्यंत तें लिहीत सुटतें, आणि नांव लांब असलें तर शेजारची जन्मतारीख पुसून तिच्यावर उरलेलें नांव लिहितें. गेट्स नांवाचें दुसरें फंक्शन याहूनही घातक आहे. बाहेरून येणारी ओळ कितीही लांब असो, तें ती निमूटपणें आंत घेतें.

या निष्काळजीपणाचें फळ काय असतें, तें २ नोव्हेंबर १९८८ रोजीं दिसून आलें. कॉर्नेल विद्यापीठांतील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेला, आपल्या प्रती आपणच काढीत जाणारा एक प्रोग्राम त्या दिवशीं इंटरनेटवर पसरूं लागला. शिरकाव करून घेण्याच्या त्याच्या वाटा अनेक होत्या. त्यांतील एक वाट गेट्सनें उघडी ठेविली होती. यंत्रावर कोण काम करीत आहे हें कळविणारी फिंगर नांवाची एक सेवा होती. तींत येणाऱ्या ओळीसाठीं ५१२ बाइटांची जागा राखलेली होती. मॉरिसच्या प्रोग्रामनें ५३६ बाइट पाठविले. जास्तीचे २४ बाइट राखलेल्या जागेपलीकडे उतरले, आणि काम संपल्यावर यंत्रानें कोठें परतावें याचा जो पत्ता तेथें लिहिलेला होता, तो त्यांनीं पालटला. यंत्र परक्याच्या आज्ञा पाळूं लागलें, व हजारों यंत्रांचें काम खोळंबलें. २४ बाइट म्हणजे देवनागरीचीं अवघीं ८ चिन्हें! इतकें होऊनही गेट्स हें सी भाषेच्या प्रमाण-व्याख्येंतून काढून टाकण्यास २०११ साल उजाडावें लागलें. आणि जुन्या पुस्तकांतून तें आजही नव्या विद्यार्थ्यांच्या हातीं पडतें.

यावर कित्येक जाणते म्हणतील कीं, दोष भाषेचा नव्हे, लिहिणाराचा आहे. जो सावध आहे त्यास कुबड्यांची गरज नाहीं. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु फिंगर सेवा लिहिणारे कांहीं अडाणी नव्हते. मनुष्य थकतो, विसरतो, व दुसऱ्यानें लिहिलेला भाग आपल्या भागास जोडतो. म्हणून जागेचें माप मागून घेतल्यावांचून कामच न करणारीं फंक्शनें निघालीं, हें योग्यच झालें. १९९८ सालीं टॉड मिलर व थिओ डी राट यांनीं ओपनबीएसडी या प्रणालीसाठीं स्ट्रएलकॉपी व स्ट्रएलकॅट अशीं दोन फंक्शनें दिलीं. पहिलें मजकूर उतरवून घेतें, दुसरें एका मजकुरास दुसरा जोडतें. माप सांगितलें कीं तीं त्यापलीकडे एक बाइटही लिहीत नाहींत, व शेवटच्या शून्यासाठीं जागा राखून ठेवितात. त्यांच्या पूर्वीं स्ट्रएनकॉपी हें फंक्शन होतेंच, व तेंही माप विचारतें. पण तें ठराविक लांबीच्या रकान्यांसाठीं योजलेलें असल्यामुळें, जागा पूर्ण भरली तर शेवटचें शून्य ठेवीतच नाहीं. मग पुढें वाचणारा प्रोग्राम त्या शून्याच्या शोधांत शेजारच्या जागेंत भटकत जातो. माप विचारतें म्हणजे तें निर्धोक आहे, असें मानून पुष्कळ जण फसले.

तथापि लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीलिबसी या फंक्शन-संग्रहाच्या चालकांनीं मिलर व डी राट यांचीं फंक्शनें पुष्कळ वर्षें स्वीकारलीं नाहींत. न मावणारा मजकूर गुपचूप कापणें हीही एक चूकच आहे, असा त्यांच्या बाजूचा आक्षेप होता. अखेर २०२३ सालीं त्या संग्रहानें तीं घेतलीं, व २०२४ च्या पॉसिक्स या प्रमाणांतही त्यांस स्थान मिळालें. उलट त्याच २०२४ सालीं लिनक्सच्या गाभ्यांतून स्ट्रएलकॉपी काढून टाकण्यांत आलें, व त्याच्या जागीं स्ट्रएसकॉपी हें निराळें फंक्शन कायम झालें. कारण स्ट्रएलकॉपी मूळ मजकूर अगदीं शेवटपर्यंत वाचीत बसतें, मग तेवढा हवा असो वा नसो.

एका घरीं स्वागत व दुसऱ्या घरीं निरोप, हें पाहून विद्यार्थी गोंधळून जाईल. त्यानें एवढें लक्षांत ठेवावें कीं, या दोन्ही फंक्शनांत एक गुण समान आहे: मजकूर कापावा लागला तर तीं तसें सांगतात. स्ट्रएलकॉपी मूळ मजकुराची पूर्ण लांबी उत्तरादाखल परत देतें. ती जागेच्या मापाइतकी वा त्याहून अधिक असली, कीं कांहीं तरी गळालें असें समजावें. स्ट्रएसकॉपी अशा वेळीं उणें मूल्य परत देतें. १९९९ च्या प्रमाणांत आलेलें एसएनप्रिंटएफ हेंही, सगळा मजकूर लिहिला असता तर त्याची लांबी किती भरली असती, तें कळवितें. सांगणारा आपलें काम करतो. ऐकणारा ऐकतो काय, हा प्रश्न आहे.

ऐकलें नाहीं तर काय होतें तें पाहा. समजा, बक्षीस-समारंभाचीं प्रशस्तिपत्रें छापण्यासाठीं एका विद्यार्थ्यानें प्रोग्राम लिहिला, व प्रत्येकाच्या पहिल्या नांवासाठीं ३२ बाइटांची जागा राखली. इंग्रजी लिपींतील नांवें घालून पाहिलीं; सगळें ठीक निघालें. मग देवनागरी यादींत ज्ञानेश्वरी नांवाच्या मुलीची पाळी आली. या नांवांत अक्षरें, मात्रा व जोडाक्षरांतले हलन्त मिळून ११ चिन्हें आहेत; त्यांचे ३३ बाइट व शून्याचा एक, असे ३४ लागतात. स्ट्रएलकॉपीनें आपलें काम चोख केलें. त्यानें ३१ बाइट घेतले, शून्य ठेविलें, व शेजारच्या जागेस धक्काही लावला नाहीं. प्रशस्तिपत्रावर छापून आलें तें मात्र "ज्ञानेश्वर", आणि त्यापुढें तुटलेल्या वेलांटीचें एक विद्रूप चिन्ह. जागा ३१ बाइटांची असती तर तें चिन्हही उरलें नसतें; १० चिन्हें नीट बसून, अगदीं स्वच्छ दिसणारें एका मुलाचें नांव तेथें आलें असतें, व कोणास शंकाही आली नसती. यंत्र सुरक्षित राहिलें, चोर आंत आला नाहीं, पण मुलीचें नांव गेलें. परत आलेलें ३३ हें उत्तर ३२ हून मोठें आहे, एवढें एका ओळींत तपासलें असतें तर हा प्रसंग टळता. आज प्रशस्तिपत्र आहे. उद्यां हाच विद्यार्थी मोठा होऊन औषधांचीं नांवें किंवा बँकेंतील खातेदारांचीं नांवें हाताळील. तेथें गळालेल्या एका चिन्हाची किंमत कोण भरून देणार?

कोणी असेंही म्हणेल कीं, आतां पायथनसारख्या भाषा आहेत, त्या मजकुराप्रमाणें जागा आपणच वाढवितात. मग मुलांस या जुन्या जाचांत कां घालावें? परंतु पायथनचा सर्वांत रूढ अवतार सीमध्येंच लिहिलेला आहे, व लिनक्सचा गाभाही मुख्यत्वें सीचाच आहे. तो पाया कोणी तरी सांभाळला पाहिजे. शिवाय अर्जांतील रकान्यांची किंवा छापील कागदाची मर्यादा भाषा बदलल्यानें नाहींशी होत नाहीं. जेथें मर्यादा आहे, तेथें कापलें जाण्याचा संभव आहे. आणि जेथें कापलें जातें, तेथें तसें सांगण्याची जबाबदारी आहे.

म्हणून माझी नम्र सूचना अशी आहे. वर्गांत गेट्स शिकवूं नये. त्याची गोष्ट सांगावी, पण वापर करवूं नये. सी शिकण्याच्या आरंभींच प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक लहानसें फंक्शन त्याच्या स्वतःच्या हातानें लिहवून घ्यावें. त्या फंक्शननें मजकूर, तो ठेवावयाची जागा व त्या जागेचें माप अशा तिन्ही गोष्टी मागून घ्याव्यात. मजकूर मावला तर तो ठेवून "होय" म्हणावें. न मावला तर जागेंत केवळ शून्य ठेवून "नाहीं" असें स्पष्ट कळवावें. माप द्यावयाचें तें जागेचें, मजकुराचें नव्हे, हेंही बजावून सांगावें. कारण ही चूक चांगल्या चांगल्यांकडून होते. मग त्या फंक्शनची परीक्षा चार प्रकारें घ्यावी: रिकाम्या मजकुरानें, बरोबर मावणाऱ्या मजकुरानें, एकाच बाइटानें अधिक असलेल्या मजकुरानें, आणि देवनागरींतील एखाद्या लांब नांवानें. गुण देतांना "चालला" यास अर्धे गुण असावेत, व "मावलें नाहीं तेव्हां काय केलें?" याच्या उत्तरास उरलेले अर्धे. पालकांनींही घरीं हाच प्रश्न विचारावा. तो विचारण्यास संगणक यावाच लागतो असें नाहीं.

बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हा शुभवर्तमानांतील दृष्टांत शाळेच्या प्रार्थनेंत आपण ऐकत आलों आहों. प्रोग्राम लिहिणारासही तो लागू आहे. हिशेब आधीं करावा, आणि तो चुकला तर लपवूं नये. संगणक-वर्गाच्या विद्यार्थ्यांनीं ही संवय अंगीं बाणविली, तर पुढील बक्षीस-समारंभांत प्रत्येक मुलाचें व मुलीचें नांव शेवटच्या वेलांटीसह पुरतें छापून येईल, असा मला भरंवसा आहे.