खिडकीवाल्या बाबांचं गणित

पालकहो, "नीट अभ्यास कर, नाहीतर फिटर होशील" असं आपण किती सहज बोलतो! आमच्या महाळुंग्यात इमारती आणि कंपन्यांच्या शेड उभ्या राहतच असतात. पालकसभेत ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दारं बसवणारे एक वडील स्वतःच हे वाक्य बोलले, तेव्हा मला टोचलं.

मी त्यांना चौथीच्या वर्गावर बोलावलं. त्यांनी आमच्याच खिडकीची रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीनदा मोजली. सर्वांत कमी माप धरायचं, त्यातूनही थोडी फट सोडायची, ती नंतर सिलिकॉनने भरायची. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे, तरच चौकट काटकोनात. चार बाय तीन फुटांच्या चौकटीचा कर्ण बरोबर पाच फूट! "इंचाचे आठ सूत. मग तीन सूत म्हणजे किती इंच?" मुलं ओरडली, "तीन छेद आठ!" हाच अपूर्णांक मी आठवडाभर फळ्यावर घोकून घेत होते.

दहावीनंतर आयटीआय आहे, १९६१ च्या कायद्याने शिकाऊ उमेदवारीही आहे. हे मात्र उस्तादाच्या हाताखाली शिकले. हात तयार आहे, कागद नाही. मजुरी ठरवताना तेच आडवं येतं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत सुचवलेत. ते सहलीत घालवू नका, अशा पालकांना बोलवा.

आमची खिडकी वरच्या बाजूला दोन सूत कमी निघाली. मुलांनी ते लगेच मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं.