पाचशे चुकांची मुभा

"बाबा, तुम्ही तरी त्याला पाठीशी घालू नका. त्याला चिकाटीच नाही!"

गेल्या महिन्यात आमच्या चिरंजीवांनी हे वाक्य फेकलं, नातवाचा गेम कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली. निमित्त झालं नववीच्या सहामाहीचं. गणितात ८० पैकी ३१. गुण कमी आहेत, हे मलाही मान्य. पण चिकाटी नाही हा आरोप साफ खोटा आहे, आणि त्याचा साक्षीदार मी स्वतः आहे.

दिवाळीच्या सुट्टीत चार संध्याकाळी मी त्याच्याशेजारी बसून होतो. खेळाचं नाव ट्रायल्स फ्यूजन. फिनलंडमध्ये, हेलसिंकीच्या रेडलिंक्स कंपनीने बनवलेला, २०१४ सालचा. मोटरसायकलचा खेळ म्हटल्यावर मला वाटलं, असेल काहीतरी भरधाव शर्यत. तसं नाही. मोटरसायकल बाजूने दिसते, डावी-उजवीकडे वळतच नाही. हातात मुख्य गोष्टी चार: गॅस, ब्रेक, स्वाराला पुढे झुकवणं आणि मागे झुकवणं. वाटेत ओंडके, चढ, उभ्या भिंती. सगळा खेळ तोलाचा.

सुरुवातीचे ट्रॅक मलाही जमतील असे. अवघड ट्रॅकवर मात्र एक युक्ती आल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. तिला म्हणतात बनी हॉप, म्हणजे सशाची उडी. समोर कमरेएवढी भिंत, मागे धावून यायला जागा नाही. अशा वेळी स्वाराला मागे झुकवायचं, किंचित गॅस देऊन पुढचं चाक उचलायचं, आणि दबलेली मागची स्प्रिंग सुटते त्याच क्षणी त्याला झटकन पुढे फेकायचं. मग मागचं चाकही जमीन सोडतं. गॅस जरा जास्त झाला तर स्वार उताणा. कमी पडला तर चाक भिंतीवर आपटतं. झुकायला थोडा उशीर झाला की गाडी जागच्या जागी उडते, बस्स.

नातवाचे प्रयत्न मी वहीत रेघा मारून मोजले, पाच-पाचचे गठ्ठे करून. एका भिंतीसाठी १६३! चौसष्टाव्या वेळी त्याने गॅस कमी केला, नव्वदीच्या आसपास झुकण्याची वेळ बदलली. १६४ व्या वेळी गाडी वर चढली. ह्या मुलाला चिकाटी नाही?

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, खेळात चिकाटी कोणालाही येते. ती गणितात कुठे जाते?" प्रश्न बरोबर आहे. पडद्यावर भिंत चढला म्हणून वर्गसमीकरण सुटत नाही. खेळ गणित शिकवतो असं मी म्हणतच नाही. रात्री बारापर्यंत खेळू द्या असंही नाही. पण तोच मुलगा एका ठिकाणी १६३ वेळा पडून उठतो आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्यांदा प्रयत्नच करत नाही, तर खोट मुलात शोधायची की त्या दुसऱ्या ठिकाणात?

खेळात काय होतं ते पाहा. पडलात की चूक मोजली जाते. लपवाछपवी नाही, आकडा समोर दिसतो. पण एक बटण दाबलं की दुसऱ्या क्षणी तुम्ही परत उभे, तेही जिथे पडलात त्याच्या थोडं अलीकडे. चेकपॉइंट म्हणतात त्याला. एका ट्रॅकला अर्धा तास किंवा ५०० चुका, ही मर्यादा. पाचशे! मी शाळेत एका गणिताला एक चूक माफ केल्याचं आठवत नाही.

चूक मोजणं वाईट नाही, हे मुद्दाम सांगतो. खऱ्या ट्रायल्स स्पर्धेतही वेगापेक्षा तोल मोलाचा, आणि पाय जमिनीला टेकला की दोषगुण लागतो. स्पेनचा टोनी बोउ २००७ पासून २०२४ पर्यंत दरवर्षी मैदानी ट्रायल्सचा विश्वविजेता झाला, तो काय पाय न टेकता शिकला असेल?

आणि आपली शाळा? पेपर तीन आठवड्यांनी हातात येतो. लाल गोल, खाली सही. तोवर पोर पुढच्या धड्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचं नाही असं ठरवलं. आपण त्याला 'ढकलपास' म्हणून नाकं मुरडली. २०१९ मध्ये कायदा बदलला: पाचवी आणि आठवीला परीक्षा, नापास झाला तर दोन महिन्यांत फेरपरीक्षा, आणि राज्याने ठरवलं तर त्याच वर्गात. भांडण चालू आहे ते ढकलायचं की अडवायचं यावर. पण ढकललेला मुलगा भिंत न चढता पुढे जातो, आणि अडवलेल्याला सगळा ट्रॅक पहिल्यापासून. पडला त्या जागेच्या दोन पावलं अलीकडे त्याला उभं कोणीच करत नाही.

दुसऱ्यांवर कशाला, स्वतःवरच येतो. चौतीस वर्षं गणित शिकवलं. दहावीच्या एका मुलाने समीकरणात पद उजवीकडे नेताना चिन्ह बदललं नाही. पुढच्या सहाही पायऱ्या त्याच्या चुकीच्या आकड्याला धरून अगदी बिनचूक होत्या. मी उत्तर पाहिलं, शून्य दिलं आणि वर्गात पेपर वाचून दाखवला. पोरं हसली. तो त्यानंतर फळ्याशी कधी आला नाही. तेव्हा मला ती शिस्त वाटत होती. आता वाटतं, दुसऱ्या पायरीवर बोट ठेवून "इथून पुन्हा कर" एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असता?

सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी कंट्रोलर मी हातात घेतला. सत्तरी ओलांडलेले अंगठे ते! पहिल्या चाळीस वेळा स्वार उताणाच. नातू शेजारी. "आजोबा, गॅस कमी. आधी मागे, मग पुढे." पुन्हा उताणा. "आता झुकणं बरोबर होतं, फक्त गॅस." एकदाही हसला नाही, एकदाही "किती वेळा सांगू" म्हणाला नाही. त्याला पाढे शिकवताना हे वाक्य मी रोज वापरत असे. माझी गाडी अजून त्या भिंतीवर चढलेली नाही, हेही सांगून टाकतो.

कपाटाची किल्ली चिरंजीवांकडेच आहे. सहामाहीचा पेपर मात्र मी मागून घेतला. रोज संध्याकाळी एक गणित: चुकलेली पायरी शोधायची आणि तिच्या आधीच्या ओळीपासून पुन्हा. लाल पेन नाही. काल एका गणिताला अकरा प्रयत्न झाले. बाराव्यांदा त्याने स्वतःच वही पुढे ओढली.

शिक्षक मंडळी हे वाचत असतील तर त्यांना एवढंच विचारतो: तुमच्या वर्गात एका गणिताला किती चुकांची मुभा आहे?