झडती घ्या, पण माणसाची लाज राखून

आमच्या शाखेचे एक जुने गँगमन वारले. अस्थी काशीला गंगेत सोडाव्यात ही त्यांची इच्छा होती. मुलगा आता बऱ्या नोकरीत आहे. आईच्या कमरेचे ऑपरेशन होऊन आत सळई बसवलेली, गाडीचा लांबचा प्रवास झेपणार नाही म्हणून त्याने वाराणसीचे विमानाचे तिकीट काढले. सारा जन्म रेल्वेच्या पासावर गेलेल्या बाईला पहिल्यांदाच विमान बघायला मिळाले, तेही अस्थिकलश हातात घेऊन.

वाटेत एका विमानतळावर (नाव सांगून उपयोग नाही, हे कुठेही होते) मेटल डिटेक्टरची चौकट वाजली. कमरेत सळई आहे, चौकट वाजणारच. ऑपरेशनचा कागद घरी राहिला होता. त्यांना पडद्याआड नेले आणि नऊवारीचा कासोटा सोडायला सांगितले. तेवढ्यात अस्थिकलश क्ष-किरणांच्या पट्ट्यावरून पुढे गेला होता आणि तो उघडून दाखवा म्हणून पलीकडून हाका चालल्या होत्या. परतीचा प्रवास वहिनींनी हट्टाने रेल्वेनेच केला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊ, नवऱ्याच्या अस्थी तिकडं आणि मी इकडं कासोटा सोडून उभी. त्या पोरीचा दोष नाही. ती बिचारी पण खालीच बघत होती."

हा विषय शाखेच्या बैठकीत निघाला आणि दोन तट पडले. तरुण मंडळी म्हणाली, परदेशात असतात तशी अंग तपासणारी यंत्रे सगळीकडे बसवा, हात लावायचा प्रश्नच मिटेल. जुनी मंडळी म्हणाली, त्या यंत्रात माणूस नागडा दिसतो, आपल्या बायकामुलींना त्यात उभे करायचे नाही. दोन्ही बाजूंचा आवाज मोठा, माहिती मात्र निम्मी. म्हणून आम्ही हा विषय जरा खोलात जाऊन समजून घेतला.

२५ डिसेंबर २००९ रोजी अमेरिकेतील डेट्रॉइटकडे जाणाऱ्या विमानात एका तरुणाने अंतर्वस्त्रात लपवलेले स्फोटक पेटवण्याचा प्रयत्न केला. स्फोटकात धातू नव्हता, त्यामुळे चौकट वाजली नव्हती. त्यानंतर अमेरिकेने अंग तपासणारी यंत्रे धडाधड बसवली. ती दोन जातींची होती. एक जात क्षीण क्ष-किरणांची, दुसरी मिलिमीटर लहरींची. या लहरी कपड्यातून आरपार जातात आणि कातडीवरून परत फिरतात. सुरुवातीला दोन्ही यंत्रे उघड्या शरीराची आकृती पडद्यावर दाखवीत. बंद खोलीत बसलेला कर्मचारी ती पाही. जुन्या मंडळींची भीती या काळातली आहे आणि ती खरी होती. लोकांनी ओरड केली, मामला कोर्टात गेला. शेवटी तेथील संसदेने बजावले की शरीराचे चित्र दाखवायचे नाही, फक्त एक साधा बाहुला दाखवायचा आणि संशयाच्या जागी चौकोन उमटवायचा. क्ष-किरणांच्या यंत्रांना हे जमेना, तेव्हा २०१३ मध्ये ती विमानतळांवरून उचलावी लागली. युरोपने २०११ मध्येच क्ष-किरणांना दार बंद केले होते.

थोडक्यात, यंत्र बदलले ते कारखानदाराच्या भलेपणाने नव्हे. प्रवाशांनी नाही म्हटले म्हणून बदलले. आणि "चित्र साठवले जात नाही" या आश्वासनावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, यालाही पुरावा आहे. फ्लोरिडातील ऑर्लँडोच्या न्यायालयात दारावर असेच एक यंत्र होते. तेथे ३५ हजारांहून अधिक चित्रे साठवून ठेवल्याचे २०१० मध्ये उघडकीस आले. यंत्राला साठवता येते, मग साठवायचे की नाही ते चालवणारा ठरवतो.

आता वहिनींचा मामला पाहा. आमचाही समज होता की सळई असलेल्या माणसाला हे यंत्र जास्तच छळेल. पण मिलिमीटर लहरी शरीराच्या आत शिरत नाहीत. हाडात बसवलेली सळई त्यांना दिसतच नाही. म्हणजे वहिनींसाठी जुन्या चौकटीपेक्षा नवे यंत्र अधिक माणुसकीचे ठरले असते! बैठकीत यंत्राविरुद्ध बोलणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे मान्य करतो.

पण नऊवारीचे काय? कासोटा, निऱ्या, कमरेला खोचलेला पदर, असे एकावर एक कापडाचे थर. जर्मनीने हँबर्गच्या विमानतळावर सुमारे आठ लाख प्रवाशांवर ही यंत्रे चालवून पाहिली आणि २०११ मध्ये ती तूर्त नकोत असे ठरवले. कारण यंत्र नको तिथे वाजत होते. कपड्याची घडी, चुणी, अंगावरचा घाम, सगळ्याला ते संशय समजत होते. तिकडच्या कोट-पाटलोणीची ही कथा, तर आपल्या साडीची, धोतराची, पगडीची आणि वैशाखातल्या बनारसच्या घामाची काय होईल? मग पुन्हा हाताने झडती आलीच. फरक एवढाच की बाहुल्यावर चौकोन जिथे उमटला तेवढीच जागा तपासायची. हा फरक लहान नाही.

आपल्याकडे नागरी विमान सुरक्षा ब्युरोने एप्रिल २०१९ मध्ये परिपत्रक काढून ८४ संवेदनशील विमानतळांना एका वर्षात ही यंत्रे बसवायला सांगितले. मुदत मार्च २०२० ची होती. ती केव्हाच उलटली, पुढे विमानतळ प्राधिकरणाच्या निविदा निघाल्या, कोरोना आला. जे सरकार रेल्वे कामगाराला पाच मिनिटे उशीर झाला तर जाब विचारते, त्याच्या मुदतीला मात्र कोणी जाब विचारत नाही. ते असो.

वाराणसीचा बाबतपूर विमानतळ आणखी एका बाबतीत पुढे राहिला. १ डिसेंबर २०२२ पासून चेहरा ओळखून आत सोडणारी 'डिजियात्रा' ज्या पहिल्या तीन विमानतळांवर सुरू झाली त्यांत दिल्ली आणि बंगळूरुबरोबर वाराणसी होते. ती ऐच्छिक आहे, माहिती चोवीस तासांत पुसली जाते, असे सांगतात. पण ज्या संस्थेकडे ही व्यवस्था आहे तिच्यात विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के आणि बाकीचा पाच मोठ्या विमानतळ कंपन्यांचा. आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट ठेवलेलीच आहे. अंग पाहणारे यंत्र निदान बाहुला दाखवून विसरते. चेहरा पाहणारे यंत्र तर ओळखण्यासाठीच बसवलेले असते. आमच्या मते दुसऱ्याची काळजी पहिल्यापेक्षा जास्त करायला हवी, पण ओरड होते ती पहिल्याचीच, कारण त्यात लाजेचा प्रश्न लगेच दिसतो.

"ज्याच्या मनात पाप नाही त्याने झडतीला का भ्यावे?" असे विचारणारे आपल्यातही आहेत. त्यांना उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याला हात घालायचा तर कायदा हवा, खरी गरज हवी, आणि गरजेएवढाच हात घालायला हवा. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले की अपंग प्रवाशाला तपासणीसाठी कृत्रिम पाय काढायला लावू नये. त्याच्या दोनच महिने आधी नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी हेच दुःख जाहीरपणे मांडले होते. त्या नामवंत होत्या म्हणून दिलगिरी आली. आमच्या वहिनींकडे कोण दिलगिरी व्यक्त करणार?

पण सुरक्षेची थट्टा आम्ही करणार नाही. रेल्वे कामगाराला तो अधिकारच नाही. ७ मार्च २००६ रोजी वाराणसीत संकटमोचन मंदिरात आणि कँट स्टेशनात बॉम्ब फुटले, वीसहून अधिक माणसे गेली. त्याच वर्षी ११ जुलैला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट होऊन १८० हून अधिक गेली. ७ डिसेंबर २०१० रोजी दशाश्वमेधाजवळ शीतला घाटावर आरतीच्या वेळी स्फोट झाला, त्यात एका चिमुरडीचा जीव गेला. स्टेशनवर स्फोट झाला की पहिली धाव हमालाची, पॉइंट्समनची, पार्सलवाल्याची असते. प्रेते उचललेले हात आपल्याच संघटनेत आहेत.

मात्र या सर्व ठिकाणी बॉम्ब कोणाच्या अंगावर बांधलेले नव्हते. ते कुठेतरी ठेवून दिलेले होते. अंग तपासणारे यंत्र त्यांना पकडू शकले नसते. २६ नोव्हेंबर २००८ ला सी.एस.टी.वर आलेले दोघे तर बंदुका घेऊनच आले. त्या रात्री अनेकांचे प्राण वाचले ते उद्घोषक विष्णू झेंडे यांच्यामुळे. मागच्या दाराने बाहेर पडा, असे ते गोळीबारात माइकवरून सांगत राहिले. आता नवे यंत्र आले की आधी हिशेब होतो तो किती माणसे कमी करता येतील याचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

स्टेशनवरही अशी यंत्रे बसवावीत, अशी टूम कधी ना कधी निघणारच. म्हणून हिशेब करून ठेवू. समजा एखाद्या मोठ्या स्टेशनवर दिवसाला एक लाख माणसे येतात आणि प्रत्येकाला दहा सेकंद लागतात. झाले दहा लाख सेकंद, म्हणजे सुमारे २७८ तास. रात्रंदिवस न थांबता बारा यंत्रे चालली तर हे जमेल, तेही माणसे घड्याळ लावून एकसारखी आली तर. महानगरी सुटायच्या आधी किंवा देवदिवाळीच्या रात्री जी रांग लागेल ती स्टेशनाबाहेर रस्त्यावर जाईल, आणि घातपात करणाऱ्याला आत शिरायची गरजच उरणार नाही. विमानाचे गणित वेगळे, गाडीचे वेगळे. गाडीला हवी सामानाची तपासणी, चालू असलेले कॅमेरे, बेवारस पिशवी दिसताच धावणारा शिपाई आणि भरलेली पदे.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. विमानाच्या प्रवाशासाठी निदान बाहुला, पडदा, बाईसाठी बाई, एवढा विचार तरी झाला. जनरल डब्याच्या रांगेत उभ्या असलेल्या मजुराची वळकटी फलाटावर सर्वांसमोर उलगडतात, खिसे चाचपतात, आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. बनारसहून मुंबईला येणारा विणकर किंवा गवंडी काय आणि भुसावळहून काशीला निघालेली म्हातारी काय, त्यांची लाज तिकिटाच्या रंगावर ठरत असेल तर पुट्टस्वामींचा निकाल त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही असे म्हणावे लागेल.

टपाल खात्यातील बंधूंना यात नवे काही वाटणार नाही. दुसऱ्याचे पाकीट उघडायचे नाही, हे त्यांच्या नोकरीचे पहिले बाळकडू. तरीही १८९८ च्या कायद्यात पत्र अडवण्याचे कलम होतेच. १९८६ मध्ये ते आणखी रुंद करणारे विधेयक संसदेने मंजूर केले, पण राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते कायदा होऊ शकले नाही. आता २०२३ च्या टपाल कायद्याच्या ९ व्या कलमाने वस्तू अडवण्या-उघडण्याची मोकळीक चांगली लांबरुंद करून घेतली आहे. बंद पाकीट आणि नेसलेले लुगडे यांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही.

राहिली ती झडती घेणारी पोरगी. डिसेंबर १९९९ च्या कंदाहार विमान अपहरणानंतर विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेले. या दलाला संघटना बांधण्याची मोकळीक नाही. ड्युटीभर उभे राहून परक्या बायकांचे अंग चाचपायचे, त्यांच्या शिव्या खायच्या, आणि एक जरी वस्तू नजरेतून सुटली तर नोकरीवर गदा. तिचे गाऱ्हाणे कोणी मांडत नाही, तेव्हा ते आपणच मांडले पाहिजे. यंत्र नीट असेल तर तिच्या हातांनाही सुटका मिळते.

आमच्या शाखेने एक ठराव करून फेडरेशनकडे पाठवला आहे. यंत्र बाहुल्याचेच हवे, चित्र साठवण्याची सोयच त्यात नसावी आणि याची तपासणी बाहेरच्या तज्ज्ञाने करावी. यंत्र नको म्हणणाऱ्याला मुकाट्याने हाताची झडती मिळावी, त्याला संशयित ठरवू नये. सळई बसवलेल्यांना ऑपरेशनचा कागद दर वेळी काढून दाखवावा लागू नये, यासाठी साधे ओळखपत्र असावे. स्टेशनवर झडती घ्यायची तर आडोशाला, आणि बाईची बाईनेच. अस्थिकलश मुलाच्या हातात ठेवून तपासावा, लांबून हाका मारून नव्हे. पडद्याआड एक खुर्ची असावी, हे कलम वहिनींनी सांगितले म्हणून घातले. कमरेत सळई असलेल्या बाईला उभ्याने कासोटा पुन्हा घालता येत नाही, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले नव्हते.