विश्लेषण : धूम्रपान घटवण्यात ब्रिटनपेक्षा जपान मागे का राहिला?

एकेकाळी ब्रिटन आणि जपान या दोन्ही देशांत दहापैकी आठ पुरुष तंबाखू ओढत. ब्रिटनमध्ये हे प्रमाण १९४८ मध्ये ८२ टक्के होते, जपानमध्ये १९६६ मध्ये ८३.७ टक्के. आज दोन्हीकडे धूम्रपान खूप घटले आहे. मात्र ते घटण्याचा वेग आणि वाट वेगळी आहे.

आजचे आकडे काय सांगतात?

ब्रिटनमध्ये २०२३ साली ११.९ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, तर जपानमध्ये २०२२ साली १४.८ टक्के. वरवर पाहता फरक किरकोळ वाटतो. पण ही सरासरी फसवी आहे. जपानमध्ये पुरुषांचे प्रमाण २४.८ टक्के, तर महिलांचे अवघे ६.२ टक्के आहे. ब्रिटनमध्ये हेच आकडे १३.७ आणि १०.१ टक्के आहेत. म्हणजे जपानची सरासरी खाली दिसते ती महिलांमुळे. तिथे आजही जवळपास प्रत्येक चौथा पुरुष धूम्रपान करतो.

महिलांमध्ये एवढा फरक का?

ब्रिटनमध्ये १९७४ साली ४१ टक्के महिला सिगारेट ओढत होत्या. जपानमध्ये महिलांचे प्रमाण १९६६ मध्येही १८ टक्क्यांच्या आसपासच होते. बाईने सिगारेट ओढणे तिथल्या समाजाला रुचत नव्हते. तेव्हा हे श्रेय आरोग्य धोरणाचे नाही.

ब्रिटनने काय केले?

रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. १९६२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा अहवाल आला. १९६५ मध्ये टीव्हीवरील सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या. २००७ मध्ये इंग्लंडमधील पब आणि कार्यालयांत धूम्रपानबंदी आली, २०१६-१७ मध्ये पाकिटावरची आकर्षक सजावट गेली. कर तर सातत्याने वाढत राहिला.

जपानला उशीर का झाला?

गंमत अशी की, दुसऱ्याच्या धुराचा धोका दाखवणारे गाजलेले संशोधन जपानमधलेच. धूम्रपान करणाऱ्या पतीमुळे स्वतः धूम्रपान न करणाऱ्या पत्नीलाही फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे ताकेशी हिरायामा यांनी १९८१ मध्ये त्याच नियतकालिकात मांडले. तरीही उपाहारगृहांमधील देशव्यापी निर्बंध पूर्णपणे लागू झाले ते एप्रिल २०२० मध्ये. त्यातूनही जुन्या, लहान उपाहारगृहांना सूट मिळालीच.

कारण तिजोरीत आहे. १९८५ पर्यंत जपानमध्ये तंबाखू ही सरकारी मक्तेदारी होती. त्यानंतर ‘जपान टोबॅको’ कंपनी स्थापन झाली, पण तिचे किमान एक तृतीयांश समभाग सरकारकडेच असावेत, असा कायदा आहे. तंबाखू व्यवसायाचा कायदाही आरोग्य नव्हे, अर्थ मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. कर ब्रिटनलाही मिळतो. पण कर घेणे वेगळे आणि विक्रेत्या कंपनीचा मालक असणे वेगळे.

धूम्रपान गेले, निकोटीनही गेले का?

नाही. ब्रिटनमध्ये अनेक जण व्हेपकडे वळले. जपानमध्ये २०१४ पासून तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणे आली आणि झपाट्याने पसरली. सिगारेटची विक्री घटली म्हणजे व्यसन सुटले, असे म्हणता येत नाही.

आपल्यासाठी धडा काय?

भारतात आयटीसी या सिगारेट बनवणाऱ्या कंपनीत सरकारी मालकीच्या एलआयसीचा मोठा हिस्सा आहे. म्हणून जपानचा प्रश्न आपल्यालाही लागू होतो. शिवाय २०१६-१७ च्या पाहणीनुसार भारतात धूम्रपान करणारे प्रौढ १०.७ टक्के, तर तंबाखू, खर्रा, गुटखा अशा धूररहित प्रकारांचे सेवन करणारे २१.४ टक्के होते. केवळ सिगारेटचा आकडा पाहून समाधान मानले, तर जपानच्या सरासरीसारखीच आपलीही फसगत होईल. पुरावा हाती असताना गेलेल्या प्रत्येक वर्षाची किंमत माणसांच्या आयुष्यात मोजावी लागते, हेच या दोन देशांच्या तुलनेचे सार.