लोकरीचे भिजत घोंगडे

कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्यांच्या पत्रकात लोकरीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. कापूस हा धागा, तशी लोकरही धागाच. दोन्ही कोरडवाहू मुलुखात निपजतात, दोन्ही पोत्यात कोंबून कच्च्या विकल्या जातात आणि दोन्हींचे सूत झाल्यावर पैसा करणारे हात वेगळे असतात. फरक इतकाच, की कापसाला निदान भाव फुटतो, हमीभाव जाहीर होतो, तो कमी पडला तर रस्त्यावर येता येते. लोकरीच्या वाट्याला तेही नाही. मेंढी कातरायची मजुरी लोकरीच्या पैशातून सुटत नाही, म्हणून कातरलेली लोकर बांधावर टाकून मेंढपाळ पुढच्या गावाला जातो.

हा फक्त धनगर-हटकर बांधवांचा प्रश्न आहे असे समजून आपण शेतकऱ्यांनी त्याचे घोंगडे भिजत ठेवले. आमच्या मते तो आपल्या रानाचाही प्रश्न आहे.

पेरूच्या डोंगरातला धडा

दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. तिथल्या अँडीज पर्वतात चार हजार मीटर उंचीवर, जिथे पीक घेणे अवघड, तिथे अल्पाका नावाचे जनावर पाळतात. उंटाच्या कुळातले, पण मदार नसलेले, लांब मानेचे, मेंढीपेक्षा थोडे मोठे. जगातले सर्वांत जास्त अल्पाका पेरूत आहेत आणि ते बहुतेक लहान कुटुंबांकडे आहेत. वर्षातून एकदा कातरणी होते, एका जनावराची साधारण दोन किलो लोकर निघते. ती मऊ, उबदार आणि जगभर महाग विकली जाते.

मग पेरूचा अल्पाकावाला श्रीमंत असेल? तसे नाही. व्यापारी डोंगरात येतो, सगळी लोकर सरसकट वजनावर घेतो. मऊ, जाड, पांढरी, काळी, सगळी एका भावात. पुढे हीच लोकर अरेकिपा शहरात जाते. तिथे कसबी बाया नुसत्या बोटांनी चाचपून तिची प्रतवारी करतात. सर्वांत मऊ प्रतीला सर्वांत वरचा भाव. प्रतवारी झाली, सूत झाले, विणकाम झाले, की किंमत कितीतरी पट होते. ती वाढ डोंगरातल्या घरात परत जात नाही. कापूस वेचून, सरकीसकट विकून, नंतर दुकानातून धोतर-लुगडे आणणाऱ्या माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि ज्याच्या हाती प्रतवारी त्याच्या हाती भाव.

याच जनावराची दुसरीही गोष्ट आहे. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियात काही कुटुंबे घराशेजारी दहा-वीस अल्पाका पाळतात. घरातच कातरणी, घरातच प्रतवारी, चरख्यावर सूत, दोन सुयांवर टोप्या आणि मोजे. गिऱ्हाईक वाडीवर येऊन, जनावर पाहून वस्तू घेते. कच्ची लोकर विकायची नाही, हा त्यांचा नियम. त्यातून घरखर्चाला हातभार लागतो.

पण याच धंद्यात अमेरिकेत एक वेडही आले होते. १९८४ पासून तिकडे अल्पाका मोठ्या संख्येने नेले गेले आणि पैदाशीच्या एकेका जनावराला हजारो डॉलर पडू लागले. नफा लोकरीचा नव्हता, पुढच्या गिऱ्हाइकाला पिल्ले विकण्याचा होता. २००८ च्या मंदीनंतर पुढचे गिऱ्हाईक आटले आणि किंमत कोसळली. आपल्याला हे इमूवरून कळेल. अंडी घ्या, पिल्ले घ्या, आम्ही परत विकत घेऊ, असे सांगत इमूचा धंदा फोफावला आणि २०१२ साली तामिळनाडूत इरोड जिल्ह्यातल्या पेरुंदुराईहून त्याचा फुगा फुटला. महाराष्ट्रातही इमू पाळणारे हात चोळत बसले. म्हणून उद्या कोणी नवे परदेशी जनावर घेऊन गावात आला, तर पहिला प्रश्न हा विचारावा: याचे मांस, लोकर, अंडी बाजारात कोण घेतो? उत्तर फक्त 'पिल्ले विका' असे आले, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

आपल्याला अल्पाका नको. आपल्याकडे दख्खनी मेंढी आहे.

जाडीभरडी म्हणजे कुचकामी नव्हे

शेतकी शिक्षणात आम्हाला शिकवले गेले, की दख्खनी लोकर जाडीभरडी, केसाळ, स्वेटरच्या कामाची नाही. हे खरे आहे. ती अंगाला टोचते. एका मेंढीची वर्षाला अर्धा-पाऊण किलोच निघते. मेरिनो किंवा अल्पाकाशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही. पण शिकवताना वाक्य तिथेच संपले. ती कशाच्या कामाची आहे, हे सांगितले गेले नाही. ते गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होते.

घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन आपल्या आजोबांनी पावसात तिफण हाकली. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा शोषते, तरी अंगाला ओली लागत नाही. जागलीला शेकोटीजवळ बसावे, ठिणगी पडली तर ती जागच्या जागी करपून विझते. पॉलिस्टरचे ब्लँकेट वितळून कातडीला चिकटते. जाड धागा असल्यामुळेच घोंगडी जमिनीवर, गाडीत, खळ्यावर वर्षानुवर्षे टिकते.

आणि प्रतवारी? ती पेरूकडून शिकायला नको. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ. जावळाची घोंगडी मऊ आणि मोलाची, हे पूर्वी प्रत्येक बाजारात माहीत होते. काळी, करडी, पांढरी लोकर वेगळी ठेवली की रंग न देता पट्टे येत. बाया लोकर पिंजून चरख्यावर कातत, चिंचोक्याची खळ देत, सनगर-खुटेकर मंडळी खड्ड्याच्या मागावर विणत. सगळा माल गावातला आणि सगळे काम गावातले.

हे मोडले कसे? एक तर स्वस्त ब्लँकेट आले. पानिपतचे कारखाने परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांच्या चिंध्या पुन्हा पिंजून ब्लँकेट करू लागले, पुढे पॉलिस्टरची आणखी स्वस्त ब्लँकेटे आली. दुसरे, लोकरीला भाव नाही म्हटल्यावर मेंढपाळाने मांसाकडे पाहून कळपात नर बदलले. जत भागातली माडग्याळ किंवा आंध्रातली नेल्लोर, अंगाने थोराड पण लोकर कमी किंवा नाहीच. देगलूर-बिलोलीच्या पलीकडे तेलंगणात २०१७ पासून सरकारने अनुदानावर मेंढ्यांचे गट वाटले, ते मांस डोळ्यापुढे ठेवूनच. मेंढपाळाला आम्ही दोष देत नाही. घर मटणाच्या पैशावर चालते, लोकरीच्या नाही. पण दुष्काळात कोसच्या कोस चालणारी, काट्याकुट्यावर जगणारी मेंढी ही दख्खनीच. लोकरीबरोबर ती काटकताही कळपातून निघून जाण्याची भीती आहे. मांस वाढवायचा दुसरा रस्ताही आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. अंग दख्खनीचे, कोकरे जास्त. अशी वाट असताना जात बुडवण्याची घाई कशाला?

आपल्या रानाचे काय

आता आपल्या पायाखाली पाहू. शेणखतात नत्र अर्धा टक्का, मेंढीच्या लेंडीत सुमारे तीन टक्के, स्फुरद एक आणि पालाश दोन टक्के. शिवाय मूत्र थेट जमिनीत मुरते आणि गाडीभाडे शून्य. म्हणून तर पूर्वी ज्वारीचे माप आणि पैसे देऊन लोक रानात मेंढरे बसवून घेत. कपाशीची शेवटची वेचणी झाली की रान मेंढ्यांना मोकळे करावे, त्या उरलेली हिरवी बोंडे आणि पाला खातात आणि गुलाबी बोंडअळीचा पुढच्या हंगामाचा मुक्काम मोडतो, ही शिफारस शास्त्रज्ञही करतात. जी पऱ्हाटी आपण फरदडीच्या लोभाने मार्चपर्यंत उभी ठेवतो, तीच अळीचे घर होते.

तरीही आज मेंढ्यांचा वाडा शिवारात आला की भांडण ठरलेले. त्याला कारणे आहेत. लातूरकडे ज्वारी हटून सोयाबीन आले, कडबा आणि धाटे कमी झाली. गायरान आक्रसले. मेंढरे उभ्या हरभऱ्यात घुसतात, हेही घडते आणि ज्याचे पीक गेले तो संतापणारच. पण हे दोघांनी ठरवून मिटवण्याचे काम आहे, काठीने मिटण्यासारखे नाही. मेंढपाळ नाहीसा झाला तर नुकसान त्याचे जितके, तितके आपल्या रानाचे.

टाकाऊ लोकरीचेही असेच. लोकर म्हणजे प्रथिन, तिच्यात दहाएक टक्के नत्र असते आणि ती महिनोन्‌महिने सावकाश कुजते. पोटाखालची, मळकी, कातायला निरुपयोगी लोकर लिंबू-आंब्याच्या आळ्यात दाबली तर ओल धरते आणि खतही होते. बांधावर उडू देण्यापेक्षा एवढे तर करता येईल.

बाईच्या हाताचा हिशेब

इथे एक सावधगिरी. 'मूल्यवर्धन करा' हा मंत्र आपल्याला सरकारी शिबिरात नेहमी ऐकवतात. कच्चा माल विकू नका, प्रक्रिया करा, बचत गट काढा. ऐकायला गोड. पण सूत कातणाऱ्या बाईच्या दिवसाची मजुरी कोण देणार?

डोळ्यासमोर येण्यापुरता हिशेब करू. शंभर मेंढ्यांच्या कळपाची वर्षाला पन्नास-साठ किलो लोकर. धूळ, काटे, घाण जाऊन चाळीसेक किलो उरली आणि एका घोंगडीला अडीच किलो धरली, तर पंधरा-सोळा घोंगड्या. लोकर जवळपास फुकटची, म्हणून घोंगडी स्वस्त पाहिजे, असे गिऱ्हाईक म्हणते. पण घोंगडीत लोकर कमी आणि दिवस जास्त असतात. पिंजण्याचे, कातण्याचे, खळीचे, विणण्याचे दिवस. त्यातले कातण्याचे दिवस सर्वांत जास्त, आणि ते बाईचे. ते 'फावल्या वेळचे' म्हणून हिशेबात धरले जात नाहीत.

कापसाच्या उत्पादन खर्चात घरच्या माणसांची मजुरी पूर्ण धरा, जमिनीचे भाडे आणि भांडवलाचे व्याज धरा, म्हणून आपण इतकी वर्षे भांडतो. तोच न्याय घोंगडीला लावला पाहिजे. बाईचा एक दिवस म्हणजे शेतातल्या एका दिवसाची मजुरी, असे धरूनच किंमत ठरावी. त्या किमतीला गिऱ्हाईक मिळाले तर धंदा करावा. नाही मिळाले, तर बाईची मजुरी कापून घोंगडी स्वस्त करण्यापेक्षा लोकर आंब्याच्या आळ्यात घातलेली बरी.

कताईचे हात आपल्याकडे अजून आहेत. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतो. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिस्टरच्या आणि यंत्रावरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली, तेव्हा हाताच्या सुताला काय धक्का बसतो हे आपण जवळून पाहिले. घोंगडीवर तो घाव तीस-चाळीस वर्षांपूर्वीच पडला, इतकेच.

बैठकीत काय ठरवावे

नुसते हळहळून उपयोग नाही. आम्ही चार गोष्टी जिल्हा बैठकीपुढे ठेवतो.

पहिली, प्रत्येक तालुक्याने आपल्याकडे येणारे वाडे, कातणाऱ्या बाया आणि चालू असलेले माग यांची यादी करावी. किती हात उरलेत हे कळल्याशिवाय पुढचे बोलणे हवेत आहे.

दुसरी, मेंढरे बसवण्याचा करार पावसाळ्यातच, तोंडी नको, कागदावर. किती रात्री, काय मोबदला, पाणी कुठले, उभ्या पिकाचे नुकसान झाले तर भरपाई किती. शेतकऱ्याने शेवटची फवारणी कोणती आणि कधी केली हे लिहून द्यावे, फवारलेल्या रानात मेंढरे घालून कोणाचा कळप मारू नये. ज्वारीच्या खोडव्याला कोवळे फुटवे असतील तर तेही आधी सांगावे, त्यांनी जनावराला विषबाधा होते.

तिसरी, कातरणीआधी मेंढ्या धुवाव्यात आणि लोकर जागेवरच वेगळी करावी: जावळ, काळी, करडी, पांढरी आणि टाकाऊ. शेळी-मेंढी महामंडळाचे प्रक्षेत्र आपल्या मुखेडला आहे. वाटपाच्या योजना ते राबवतेच, लोकरीची प्रतवारी आणि साठवण यांचीही सोय तिथे व्हावी, अशी मागणी शेतकरी आणि मेंढपाळ यांनी मिळून करावी. एकेकट्याने केली तर ती फाइलीत जाईल.

चौथी गोष्ट आपल्या घरातली. पुढारी धनगर समाजाच्या मेळाव्यात खांद्यावर घोंगडी टाकून फोटो काढतात, ती कितीला घेतली हे विचारत नाहीत. आपल्या बैठकांतला सत्कार मात्र शालीने होतो. यापुढे शाल बंद करावी. सत्कार घोंगडीने व्हावा, पूर्ण मजुरी धरून घेतलेल्या, आणि विणणाऱ्याचे व कातणारीचे नाव व्यासपीठावरून सांगून. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आपल्या संघटनेची राहुटी लागली, तर तिथे याच घोंगड्या, किमतीचा हिशेब पाटीवर लिहून विकाव्यात. लोकर किती, कताईचे दिवस किती, विणकामाचे किती, हे गिऱ्हाइकाला वाचू द्यावे.

एवढ्याने मेंढपाळी सुधारेल असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्या घामाचा हिशेब मागणाऱ्याने दुसऱ्याच्या घामाचा हिशेब चुकता करायला हवा. त्याची सुरुवात येत्या बैठकीत यादीच्या कागदाने करावी. प्रत्येक तालुका प्रमुखाने तो भरून आणावा.